टॅग नाही म्हणजे बेवारस?

मी समाजशास्त्रात एम.ए. केलेली कार्यकर्ती. संगणकाचा कोड हा आपला प्रांत नाही, असे मी परवापरवापर्यंत अगदी अभिमानाने सांगत होते. तो अभिमान पोकळ होता आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागली. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या संस्थेचे चार उपक्रम आहेत: शिष्यवृत्ती मार्गदर्शन, अभ्यासिका, वसतिगृह प्रवेश आणि कायदेविषयक सल्ला. चौघांचेही ऑनलाइन काम अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर ईसीएस या सेवेत चालते. तिथे प्रत्येक काम कंटेनरमध्ये असते. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे सामान एकत्र बांधलेले गाठोडे. ही मांडणी एका स्वयंसेवक मुलाने करून दिली होती. नोकरी लागली, तो बंगळूरला गेला आणि दर महिन्याचे बिल तेवढे आमच्याकडे राहिले.

बिल एकगठ्ठा येई. एकदा एका देणगीदाराने विचारले, "ताई, यातला शिष्यवृत्तीच्या कामाचा खर्च किती?" मला सांगता आले नाही. मित्रांनो, ज्याचा हिशेब देता येत नाही, त्यासाठी लोकांकडे हात पसरण्याचा अधिकार आपल्याला उरतो का?

त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, टॅग लावा." टॅग म्हणजे चिठ्ठी. तिच्यावर दोनच गोष्टी: नाव आणि मूल्य. उदाहरणार्थ, 'उपक्रम' हे नाव आणि 'शिष्यवृत्ती' हे मूल्य. एका वस्तूला अशा ५० चिठ्ठ्या लावता येतात. नाव १२८ अक्षरांपर्यंत, मूल्य २५६ अक्षरांपर्यंत.

मी हातानेच लावायला बसले. चालू असलेल्या एकेका टास्कला चिठ्ठी लावली आणि आठवड्याने पाहते तर निम्म्या गायब! कारण साधे होते. टास्क कायमचा नसतो. तो बंद पडला की सर्व्हिस त्याच्या जागी नवा उभा करते, आणि नव्यावर जुन्याची चिठ्ठी नसते. शिवाय सहकाऱ्यांनी इंग्रजीत कुठे मोठ्या लिपीतले 'पी' वापरून 'प्रोजेक्ट' लिहिले, कुठे छोट्या. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावे. हिशेबाचे दोन तुकडे झाले.

मग त्याच मुलाने पायथनमध्ये वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहून पाठवली. बोटो थ्री या लायब्ररीतून ती आधी सर्व्हिसची यादी मागवते, मग प्रत्येकीच्या एआरएनवर, म्हणजे तिच्या पूर्ण पत्त्यावर, 'टॅग रिसोर्स' हा आदेश चालवते. मी ती न वाचता चालवली. एकही चूक दाखवली नाही. मी खूश!

आमच्या सर्व्हिस तेरा. दहांवर टॅग आले, तीन तशाच राहिल्या. मी काय निष्कर्ष काढला? टॅग नाही म्हणजे मालक नाही. कुणीतरी चाचणीसाठी सुरू करून विसरले असणार. पैसे वाचवण्याच्या उत्साहात मी त्या तिन्हींची टास्कसंख्या शून्य केली. त्यातली एक सर्व्हिस विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत कळवणारे संदेश पाठवत होती.

दोन दिवस संदेश गेले नाहीत. कळल्यावर आम्ही रात्री उशिरापर्यंत फोन केले. तरीही एका मुलीचा अर्ज राहिलाच. तिच्या त्या वर्षीच्या फीसाठी वर्गणी काढावी लागली.

चूक कुठे होती? सर्व्हिसची यादी मागताना संख्या सांगितली नाही, तर ईसीएस एका वेळी दहाच नावे देते आणि सोबत पुढच्या पानाची खूण देते. ती खूण घेऊन पुन्हा मागायचे असते. आमची स्क्रिप्ट पहिल्या पानावरच थांबली होती. यंत्र खोटे बोलले नव्हते, मी अर्ध्या यादीला पूर्ण यादी समजले होते.

रेशनकार्डावर नाव नाही म्हणून समोर उभा असलेला माणूसच नाकारणाऱ्या कारकुनाशी मी वर्षानुवर्षे भांडत आले आहे. नोंद नसणे हा नोंद करणाऱ्याचाही दोष असू शकतो, हे त्याला ठणकावून सांगत आले. आणि संगणकासमोर बसल्यावर मीच तो कारकून झाले.

आता स्क्रिप्ट शेवटच्या पानापर्यंत जाते आणि शेवटी दोन आकडे छापते: सर्व्हिस किती आणि टॅग किती. दोन्ही जुळल्याशिवाय पुढचे पाऊल नाही. टॅग सर्व्हिसकडून टास्ककडे आपोआप जावा, अशी सोय ईसीएसमध्ये आहे. ती सुरू केली. पण ती नव्या टास्कलाच लागू होते, म्हणून सर्व्हिसची नव्याने तैनाती करावी लागली. बिलात खर्च उपक्रमवार दिसावा यासाठी बिलिंगच्या पानावर तो टॅग वेगळा सक्रिय केला. नावांची यादी कागदावर ठरवून भिंतीवर लावली. आणि टॅगमध्ये कुणाचे नाव, फोन नंबर घालायचा नाही, हा नियम केला. टॅग अनेकांना दिसतात, ते गुपित ठेवण्याची जागा नव्हेत.

काही सहकारी म्हणतात, "हे तंत्रज्ञांचे काम, आपण कशाला डोके लावायचे?" मला हे मान्य नाही. कोणते काम कोणत्या नावाखाली मोजायचे, हा निर्णय तंत्रज्ञाचा नाही. तो काम करणाऱ्यांचा आहे. स्क्रिप्ट लिहायला दुसरा चालेल, पण आपल्या नावाने चालणारी स्क्रिप्ट वाचायला आपणच लागतो. वीस ओळी वाचायला मला दोन संध्याकाळ लागल्या. त्या दोन संध्याकाळ आधी दिल्या असत्या, तर त्या मुलीचा अर्ज वेळेत गेला असता.

तुमच्यापैकी ज्यांना कोड येतो, त्यांनी संस्थेला नुसती स्क्रिप्ट देऊ नये. शेजारी बसून ती वाचून दाखवावी. आणि ज्यांना येत नाही, त्यांनी काहीही बंद करण्यापूर्वी एवढेच विचारावे: ही यादी पूर्ण आहे का?