आम्ही दोघी जावा आणि जिमचा जिना

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री अम्मी न्हाणीघरात घसरल्या. अल्लाहचा शुक्र, हाड मोडलं नाही. पण त्यांना उठता येईना. आम्ही दोघी जावा धावत गेलो. एकीने काखेत हात घातला, दुसरीने कमरेला धरलं, जोर लावला, पण अम्मी काही उठेनात. शेवटी मुलगा झोपेतून उठून आला आणि त्याने आजीला अलगद उचललं. मग खाली बसलेल्या आम्हाला उठायचं होतं. थोरलीने बादलीची कड धरली, धाकटीने नळ. त्या रात्री दोघींनाही झोप लागली नाही. अम्मी आठ वर्षांपासून खुर्चीवर नमाज पढतात. आपली खुर्ची किती लांब आहे, हाच हिशेब आमच्या मनात चालला होता.

हा लेख लिहिणारी धाकटी. सोलापुरात उर्दू शाळेत २२ वर्षं शिकवते. थोरली घरी कपडे शिवते. पण हकिकत दोघींची आहे, म्हणून 'आम्ही'.

आठवड्याभरात आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. थोरलीची बीपीची गोळी आधीपासून चालू होती. धाकटीची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली. म्हणजे मधुमेह नव्हे, पण उंबरठ्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चाला, आणि आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचा व्यायाम करा. स्नायू राबले की रक्तातली साखर वापरतात." आम्ही म्हटलं, दिवसभर घरात राबतोच की! त्या हसल्या. "घरकामाने दमायला होतं. पण रोज तेच वाकणं, तेवढंच वजन. स्नायूंवरचा भार हळूहळू वाढवला तरच ताकद वाढते. नाही तर वयाबरोबर ते झिजत जातात."

आमच्या रस्त्यावरच, एका दुकानावर पहिल्या मजल्यावर जिम आहे. दुपारी तीन ते साडेचार फक्त बायकांची वेळ, शिकवणारी बाईच. महिन्याला ८०० रुपये. दोघींनी भिशीच्या पैशांतून ते बाजूला काढले. घरातून विरोध झाला नाही. एवढंच ऐकावं लागलं, "आता या वयात?" खरं सांगायचं तर तो प्रश्न आमचाच होता.

कारण भीती अनेक होत्या. चारही भिंतींना आरसे असतील. सगळ्या विशीतल्या मुली असतील. सलवार-कमीज आणि स्कार्फ बघून हसतील. यंत्र चालू कसं करायचं ते कळणार नाही. शाळेतली जुनी विद्यार्थिनी भेटली तर? जिना चढताना मोहल्ल्यातल्या कुणी पाहिलं तर? थोरली सारखी म्हणायची, "लोगां क्या बोलेंगे?"

पहिल्या दिवशी आम्ही जिन्यापर्यंत गेलो. वरून गाण्याचा दणदणाट येत होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, शेजारच्या बेकरीतून पाव किलो नानखटाई घेतली आणि घरी आलो. अम्मींनी पुडा पाहिला. म्हणाल्या, "कसरतीला गेला होतात ना?"

त्या संध्याकाळी चहा पिताना आम्ही बराच वेळ बोललो. थोरलीला हजरत आयेशा (रजि.) यांची हकिकत आठवली. सुनन अबू दाऊदमध्ये ती आहे. एका प्रवासात त्या प्रेषितांसोबत (स.) धावल्या आणि पुढे गेल्या. काही काळाने अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित (स.) पुढे गेले आणि मागची फेड झाली, असं म्हणाले. आपलं अंग भरलं होतं हे त्यांनी स्वतःच सांगितलंय, ना संकोच ना लाज. आम्ही मात्र जिन्यावरूनच परत आलो होतो.

धाकटीला पहिलीचा वर्ग आठवला. दरवर्षी जूनमध्ये मुलं फाटकाशी आईचा पदर, बुरखा घट्ट धरून रडतात. तेव्हा आम्ही शिक्षिका आईला काय सांगतो? "तुम्ही जा, थोड्या वेळात तो गप्प होईल." भीती जाण्याची वाट बघत मूल घरी ठेवलं, तर ते कधीच शाळेत येणार नाही. भीती वर्गात बसल्यावर जाते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना हे सांगितलं आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा नानखटाई घेऊन घरी आलो!

दुसऱ्या दिवशी जिन्यावर थांबायचंच नाही असं ठरवून गेलो. वर सात-आठ बायका होत्या. दोन कॉलेजच्या मुली, बाकी आमच्यासारख्याच. एक तर साठीच्या पुढची. ट्रेनरने आधी औषधं आणि दुखणी विचारून लिहून घेतली. लांब दुपट्टा यंत्रात अडकू शकतो, म्हणून स्कार्फला पिन लावून टोकं आत खोचायला सांगितली. ट्रेडमिलवर लाल दोरीचा चिमटा कपड्याला लावला. पाय घसरला तर दोरी ओढली जाते आणि पट्टा आपोआप थांबतो. हे कळल्यावर निम्मी धडधड तिथेच थांबली.

फजिती झालीच. पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर थोरली उलटी बसली, पाठीच्या गादीकडे तोंड करून. ट्रेनर म्हणाली, "वळून बसा भाभी," आणि दुसरीकडे गेली. कुणी हसलं नाही. हसलो त्या आम्हीच. आणि जिची भीती होती तेही घडलं. शेजारच्या सायकलवर जुनी विद्यार्थिनी निघाली. "अस्सलामु अलैकुम, टीचर," म्हणाली आणि पुन्हा आपले आकडे बघू लागली. जी ती आपल्या धापेत असते. आरसे होते खरे, पण त्यांत बघायला कुणाला फुरसत नव्हती.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखल्या की शाळेचा जिना कठडा धरून उतरावा लागला. नवशिक्याचे स्नायू असे दुखतात आणि काही दिवसांत बरे होतात, असं ट्रेनर म्हणाली. सांध्यात कळ आली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर मात्र लगेच थांबायचं. वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, त्याने रक्तदाब वाढतो. म्हणून थोरली मोठ्याने आकडे मोजते. मोजताना श्वास रोखता येत नाही.

मन रोज तयार नसायचं. पण एकीला कंटाळा आला की दुसरी चपला घालून दारात उभी राहायची. एकटी असतो तर दोघीही कधीच थांबलो असतो. रमजानमध्ये जिम बंद ठेवली आणि इफ्तारनंतर थोडं चाललो. ईदनंतर पुन्हा जिना चढताना पहिल्या दिवसाची धडधड आली, पण या वेळी नानखटाई घेतली नाही.

वजन फारसं उतरलं नाही. साखर सहा महिन्यांनी ५.८ आली, उंबरठा अजून ओलांडून मागे यायचा आहे. पण एक दिवस अस्रच्या नमाजेत थोरली सजद्यातून उठली आणि सलाम फेरल्यावर हळूच म्हणाली, "हात टेकला नाही गं." धाकटीनेही टेकला नव्हता. दोघींच्या ते एकदमच लक्षात आलं.

अम्मींनी खुर्चीवरून ते ऐकलं. आता डॉक्टरीणबाईंना विचारून त्याही संध्याकाळी खुर्चीवरून पाच वेळा उठून बसतात. आम्ही दोन्ही बाजूंना उभ्या असतो, हात लावायच्या तयारीत. मोजतात त्या स्वतःच. चौथ्याला थांबतात, दम घेतात, आणि आम्हाला म्हणतात, "बघत काय राहिलात? तुम्हीही करा."