सव्वा किलो

स्टुडिओ म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावरचा एक गाळा. नवा माणूस आत आला की आधी वीस किलोच्या प्लेट्सकडे बघतो. मला मात्र रोज हाताशी लागते ती सव्वा किलोची जोडी. दोन्ही बाजूंना एकेक लावली की बारवर अडीच किलो वाढतात. चाळीस किलोचा स्क्वॉट करणाऱ्याला थेट पंचेचाळीस दिले, तर भार एकदम आठव्या हिश्शाने वाढतो. तेवढी उडी कंबरेला कळते.

तालमीत जोर-बैठकांची संख्या वाढवत नेतात, आम्ही वजन वाढवतो. जखमी सैनिकांवर उपचार करताना थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने हीच पायरीपायरीची पद्धत वापरली आणि १९४५मध्ये त्यावर निबंध लिहिला. पद्धत सोपी आहे. पुढची पायरी कधी चढायची, हे ओळखणं अवघड.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते. स्नायू तेव्हा फारसे भरलेले नसतात; आहेत तेच स्नायू नीट कामाला लावायला मज्जासंस्था शिकलेली असते. कंडरांना मात्र जास्त वेळ लागतो. पोरं नेमकी तेव्हाच म्हणतात, "सर, आज साठ लावू या ना!" मी त्यांचे शेवटचे दोन रेप बघतो. बार मंदावला तरी सरळ वर गेला, तर वाढवतो. टाचा उचलल्या, किंवा डेडलिफ्टमध्ये छातीआधी नितंब वर आले, तर वजन तेच राहतं.

साठीच्या काकूंचं उलट. "अरे, माझं वय काय, हे लोखंड काय!" त्यांच्या नकळत प्लेट चढवणं सोपं असतं, कारण पाठीमागचा बार त्यांना दिसतही नाही. पण मी तसं करत नाही. न कळता उचललेल्या वजनाने पाय बळकट होतील, भीती जाणार नाही. म्हणून प्लेट त्यांच्यासमोर लावतो आणि वहीत आकडाही त्यांनाच लिहायला सांगतो.

काही महिन्यांनी याच काकू आल्या आल्या सांगतात, "रात्री झोप झाली नाही, आज मागचंच ठेव." दुसऱ्या एखाद्या दिवशी स्वतःहून जोडी उचलून आणतात. दोन्ही वेळा त्यांचा अंदाज बहुधा माझ्याशी जुळतो. त्यांना मी शिकवायला निघालो होतो ते हेच. स्क्वॉट हे त्याचं निमित्त.