जहाजाखालचं पाणी

छोट्या जहाजांच्या वॉरगेममध्ये जहाज रंगवून झालं, डोलकाठ्यांवर शिडं चढली, की बहुतेकांना काम उरकल्यासारखं वाटतं. मग प्लास्टिकची एक पट्टी कापायची, तिला निळा रंग फासायचा आणि जहाज चिकटवून मोकळं व्हायचं. मुरलेला खेळाडू मात्र बेसचा विचार आधी करतो. जहाज कोणतं ते त्याच्या बांधणीवरून ओळखू येतं. ते थांबलं होतं की निघालं होतं, आणि हवा कशी होती, हे मात्र खालच्या पाण्यातच दाखवता येतं.

बेसचं पहिलं काम अगदी रोखठोक: जहाज उचलायला काहीतरी हवं. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’चा तोफांचा मजला सुमारे ५७ मीटर लांबीचा. १:१२०० या प्रमाणात तो पावणेपाच सेंटिमीटर होतो आणि डोलकाठ्या उरतात तारेएवढ्या. खेळताना हात तिथे गेला, की डोलकाठी वाकलीच. म्हणून बोटांना धरायला कडा हवी, पण ती फार रुंदही नको. ट्रफाल्गरच्या लढाईत ‘व्हिक्टरी’ फ्रेंच ‘रदूताब्ल’ला खेटून लढली. ऐसपैस बेसवर ही झटापट मांडताच येत नाही.

साहित्य साधंच लागतं. दीड मिलिमीटरची प्लास्टिक शीट, टिश्यू पेपर, पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल. ओला टिश्यू शीटवर पसरून ब्रशने हलकेच ढकलला, की सुरकुत्या पडतात आणि त्याच लाटा होतात. या सुरकुत्या वाऱ्याला आडव्या हव्यात. वाळल्यावर गडद हिरवट निळा रंग, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग, लाटांच्या माथ्यावर किंचित पांढरा आणि शेवटी चकचकीत वॉर्निश. हे सगळं जहाज चिकटवण्याआधी, नाहीतर लाकडी कठडेही चमकायला लागतात. शीटऐवजी पुठ्ठा घेतला, तर एका बाजूचा फेव्हिकॉल वाळता वाळता बेस उन्हातल्या पापडासारखा वाकतो. खालच्या बाजूलाही एक हात दिला की ओढ सारखी होते.

खरी परीक्षा फेसाची. खोल पाण्यात जहाजामागे पसरणाऱ्या लाटांचा कोन सुमारे ३९ अंशांचा असतो आणि वेग वाढला तरी तो जवळपास तेवढाच राहतो, हे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८८७ मध्ये गणिताने दाखवलं. त्यामुळे वेग दाखवायला तो कोन रुंदावून उपयोग नाही, पांढरा रंग वाढवावा लागतो. ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईत बॅटलक्रूझर २५ नॉटच्या आसपास धावत होत्या. त्यांच्या नाळेपाशी फेसाचा ढीग आणि मागे लांब पांढरा पट्टा शोभतो. ट्रफाल्गरला, २१ ऑक्टोबर १८०५ ला, वारा इतका मंद होता की ब्रिटिश रांगा माणसाच्या चालीने पुढे सरकत होत्या, पण पश्चिमेकडून मोठ्या लाटा येत होत्या. तिथे हव्यात लांब, संथ लाटा आणि जेमतेम फेस.

मुंबईत बांधलेल्या ‘एशिया’ची गोष्ट आणखी वेगळी. वाडियांच्या हाताखाली सागवानात घडलेली ही ८४ तोफांची नौका १८२४ मध्ये पाण्यात उतरली आणि २० ऑक्टोबर १८२७ ला ग्रीसमधल्या नवारिनोच्या उपसागरात ॲडमिरल कॉड्रिंग्टन यांची ध्वजनौका होती. ही लढाई जवळजवळ पूर्णपणे नांगर टाकूनच झाली. त्यामुळे तिच्या बेसवर मागे पांढरा पट्टा काढला, तर तो इतिहासाशी खोटेपणा ठरतो. बारीक तरंग आणि नाळेवरून पाण्यात उतरणारी, नांगराची ओढ दाखवणारी एक तार एवढं पुरतं.

एक तडजोड मात्र करावीच लागते. टेबलावर जहाजं वळतात आणि प्रत्येकाबरोबर त्याच्या लाटाही वळतात. एकाच समुद्रात चार दिशांना लाटा धावू लागल्या, की डोळ्यांना खुपतं. म्हणून खेळायच्या बेसवर लाटा ठेंगण्याच ठेवाव्यात. उंच लाटांची हौस काचेच्या कपाटातल्या मॉडेलवर भागवावी. आणि रंगाची बाटली उघडण्याआधी लढाईची तारीख, वारा आणि जहाजाचा वेग एवढं तरी पुस्तकातून टिपून घ्यावं.