बर्फातलं उरलंसुरलं

सहा पी-३८ लढाऊ विमानं, दोन बी-१७ बॉम्बर. १५ जुलै १९४२. अमेरिकेतून ब्रिटनकडे जाताना हवामान बिघडलं, इंधन संपत आलं आणि आठही विमानं ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ बर्फावर उतरली. पंचवीस माणसं, सगळी वाचली. विमानं तिथेच सोडून दिली.

ती जागा. आता ती नाही. दर हिवाळ्यात नवं बर्फ साचत गेलं, खालचं दाबलं गेलं, आणि हिमनदी आठही विमानांना घेऊन सरकत राहिली. १९८८ मध्ये ती रडारवर दिसली, तेव्हा वर सुमारे ८० मीटर बर्फ होतं.

एक बी-१७. १९९० मध्ये शोधपथक तिच्यापर्यंत पोहोचलं. बर्फाच्या भाराने ती पार चेपून गेली होती. तरीही ही माणसं परत गेली, याचं मला फार मोल वाटतं.

एक पी-३८. हिची बांधणी दणकट, म्हणून आशा. तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून गरम पाणी फिरवणारं, शंकूच्या आकाराचं यंत्र साखळीने खाली सोडायचं आणि बर्फ वितळवत चार फूट रुंदीची विहीर पाडायची. तळाशी माणूस उतरायचा, गरम पाण्याच्या फवाऱ्याने विमानाभोवती गुहा करायचा. मग सुटे भाग करून एकेक वर. १९९२ च्या उन्हाळ्यात ते काम संपलं. केंटकीतल्या मिडल्सबरो गावी दहा वर्षं जुळणी चालली, आणि २६ ऑक्टोबर २००२ ला ‘ग्लेशियर गर्ल’ उडाली. तिच्यात नवे भाग घालावे लागले. मला त्याने ती कमी खरी वाटत नाही.

आणखी एक पी-३८. २०१८ मध्ये ड्रोनवरच्या रडारने तिचा माग लागला, ३०० फुटांहून खोल. वरून सोडलेली तापती सळई परत आली ती तांबड्या हायड्रॉलिक तेलाने माखून. ती अजून खालीच आहे.

‘की बर्ड’, बी-२९. महायुद्धाच्या काळातलं विमान, पण वायव्य ग्रीनलंडमधल्या गोठलेल्या तळ्यावर उतरलं ते फेब्रुवारी १९४७ मध्ये. अकराही जणांची सुटका झाली. जवळजवळ पन्नास वर्षं ते उघड्यावर शाबूत राहिलं. एका तुकडीने तिथेच त्याला नवी इंजिनं बसवली. १९९४ मध्ये त्यांचा मुख्य मेकॅनिक तिथून आजारी होऊन परतला आणि वारला. २१ मे १९९५ ला विमान धावू लागलं, शेपटाकडे इंधन गळलं, आग लागली. थंडीने राखलं होतं ते वाचवायला गेलेल्यांच्या डोळ्यांदेखत जळालं.

‘डक’, तटरक्षक दलाचं छोटं विमान. नोव्हेंबर १९४२. बर्फात अडकलेल्या एका बी-१७ मधल्या दोघांना लेफ्टनंट जॉन प्रिचर्ड आणि रेडिओमन बेंजामिन बॉटम्स यांनी उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला, ते पुन्हा गेले, लोरेन हॉवर्थ यांना घेतलं आणि परतताना वादळात कोसळले. २०१२ च्या मोहिमेत अवशेष सापडल्याचं तटरक्षक दलाने जाहीर केलं. तिघांना मात्र अजून घरी आणता आलेलं नाही. तिथलं बर्फही समुद्राकडे सरकतं आहे. लढाऊ विमानांसाठी पैसा उभा राहिला, याचा आनंदच आहे. या तिघांसाठी त्याआधी राहायला हवा होता.