लडाखमध्ये मुक्काम कोठे करावा?

लडाखला जायचे ठरल्यावर आम्हां नऊ उपासक-उपासिकांच्या दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत खर्चाचा हिशेब झाला. दुसरी संपूर्ण बैठक एकाच प्रश्नावर गेली : मुक्काम कोठे करायचा?

निम्म्या मंडळींचे म्हणणे होते, की सगळे दिवस लेह शहरात राहावे. गरम पाणी, बाजार, औषधाचे दुकान सारे जवळ; गाडी करून रोज एकेक विहार पाहून यावे. उरलेल्यांचे म्हणणे, की एवढ्या लांब जाऊन पुन्हा बाजारातच राहायचे असेल तर आपले गाव काय वाईट? शेवटी तडजोड झाली. दोन रात्री लेह, दोन रात्री थिकसे, दोन रात्री अल्ची आणि परतीच्या विमानाआधी एक रात्र पुन्हा लेह. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही तसे केले. वाचक बंधू-भगिनींनी जाण्यापूर्वी विचार करावा म्हणून अनुभव मांडत आहोत.

प्रथम लेह. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे. म्हणजे लेह त्याच्या दुपटीहून उंच. विमान काही तासांत तेथे नेऊन सोडते, पण शरीर इतक्या लवकर पोहोचत नाही. पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यावी, जिने चढू नयेत, पाणी भरपूर प्यावे. आमच्यातील एका भगिनीला पहिल्याच रात्री डोकेदुखी व उलट्या सुरू झाल्या. रुग्णालय जवळ होते, प्राणवायू मिळाला, सकाळपर्यंत बरे वाटले. त्या रात्री आम्ही एखाद्या दूरच्या खेड्यात असतो तर? म्हणून पहिला मुक्काम लेहमध्येच हवा. रक्तदाब, मधुमेह वा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जे श्रीनगरहून सडकेने येतात त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना चढ हळूहळू मिळतो. कारगिलला रात्र काढता येते आणि लामायुरू, अल्ची ही स्थळे लेहच्या आधीच वाटेवर लागतात. मनालीकडील रस्ता मात्र पाच हजार मीटरहून उंच खिंडीतून जातो. वृद्धांना घेऊन प्रथमच जाणाऱ्यांनी तो टाळलेला बरा.

थिकसे लेहपासून अठरा-वीस किलोमीटरवर आहे. टेकडीच्या उतारावर पांढऱ्या घरांची उतरंड आणि माथ्यावर विहार. तेथे विहाराला गोंपा म्हणतात. दिवसा गाडीने येणारे लोक दोन मजले व्यापणारी मैत्रेयाची भव्य मूर्ती पाहतात, फोटो काढतात आणि तासाभरात निघतात. आम्ही पायथ्याशी राहिलो म्हणून पहाटे वर जाऊ शकलो. छतावर लांब कर्णे वाजले, भिक्खू ओळीने बसले, पाठ सुरू झाला. लहान श्रामणेर चहाच्या किटल्या घेऊन फिरत होते. आमच्याही पेल्यांत लोणी-मिठाचा चहा पडला. तो पाठ तिबेटी भाषेतला, आमच्या पाली वंदनेहून वेगळा. आम्हांला शब्द कळले नाहीत. पण तासभर आम्ही तेथे बसलो होतो, पाहत उभे नव्हतो.

अल्ची लेहच्या पश्चिमेस सुमारे ६५ किलोमीटरवर, सिंधूकाठी आहे. उंची लेहपेक्षा कमी आणि मंदिरे सपाटीवर, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही सोयीचे. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या तीन मजली मंदिरात मैत्रेयाच्या उंच मूर्तीच्या धोतरावर बुद्धांच्या जीवनातील प्रसंग रंगविले आहेत. आत फोटो काढू देत नाहीत. ते एका अर्थी बरेच आहे.

येथे आम्ही एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो. संडास कोरडा होता. वरच्या मजल्यावर भोक, शेजारी माती-राखेचा ढीग आणि फावडे. आमच्यात नगरपालिकेच्या सफाई खात्यात तीस वर्षे काढलेले एक काका होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “हे खालून काढतो कोण?” घरची ताई हसून म्हणाली, “आम्हीच. वसंतात खत झालेले असते, आमच्याच शेतात टाकतो.” काका बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी तिला पुन्हा विचारले, “तुम्ही स्वतः?” तिला त्या प्रश्नाचे कारण कळेना. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाणी वाचविण्याची ही जुनी रीत आहे.

मग काकांनी जातीचा विषय काढला. घरमालक आधी गप्प राहिले. नंतर त्यांनी मोकळेपणाने सांगितले, की लग्नात ढोल-सनई वाजविणारे मोन आणि बेडा, लोहारकाम करणारे गारा, यांना पूर्वी पंगतीत शेवटी बसवीत. आता पुष्कळ बदलले आहे, पण सोयरीक सहसा जुळत नाही. या तिन्ही समाजांची नावे १९८९ च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात आहेत. “बुद्धांच्या देशातही?” आमची एक मुलगी म्हणाली. घरमालक म्हणाले, “आमची मुलेही आता हेच विचारतात.”

त्या रात्री आम्हांला बराच वेळ झोप लागली नाही. संडासाची गोष्ट आणि पंगतीची गोष्ट एकाच चुलीजवळ, एकाच तोंडून ऐकली होती. लेहच्या हॉटेलात राहिलो असतो तर दोन्ही कळल्या नसत्या. लडाख म्हणजे निळे आकाश आणि सोनेरी कळस, एवढेच घेऊन परतलो असतो.

म्हणून आमचा सल्ला असा. प्रकृतीसाठी पहिल्या दोन रात्री लेह. त्यात काटकसर करू नका. पुढे विहारे मोजत धावू नका. दोनच निवडा आणि त्यांच्या पायथ्याशी राहा. निदान दोन रात्री कोणाच्या तरी घरी उतरा. संडास कसा आहे, पांघरुणे किती, जेवण दरात धरले आहे का, हे आधी विचारा. पाणी जपून वापरा. पैसे रोख जवळ ठेवा. खेड्यात यंत्र सापडेलच असे नाही.

निघताना काकांनी घरच्या ताईला “जयभीम” म्हटले. तिने दोन्ही हात जोडून “जुले” म्हटले. तिच्या भाषेत नमस्कार, निरोप आणि आभार या तिन्हींसाठी हा एकच शब्द आहे.