सातपायरी घाट आणि जीपचे दुखणे

नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याहून उत्तरेस निघाले की म्हसावद, राणीपूर मागे पडते आणि सातपुडा समोर उभा राहतो. पुढे सातपायरी घाट. रस्ता वळणे घेत चढतो आणि हजार मीटरहून उंच असलेल्या तोरणमाळच्या पठारावर नेऊन सोडतो. पर्यटक यशवंत तलाव पाहून माघारी फिरतात. परंतु वस्ती तेथे संपत नाही. पलीकडे नर्मदेच्या बाजूच्या उतारांवर आदिवासी बांधवांचे पाडे विखुरलेले आहेत. पावसाळ्यात कित्येक पाड्यांवरून आजाऱ्याला, बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. तेथून पुढे आधार जीपचाच. म्हणून या भागात जीप ही हौसेची वस्तू नाही. ती बंद पडली की दवाखाना तेवढा लांब जातो.

२०१९ च्या श्रावणात आम्ही चार कार्यकर्ते औषधांची खोकी व मुलांच्या वह्या घेऊन मंडळाच्या जुन्या फोर-व्हील जीपने तेथे गेलो होतो. साहित्य वाटून परतताना चिखलाच्या चढावर ड्रायव्हरने पुढच्या चाकांची दांडी ओढली आणि गाडीच्या पोटातून जात्यात खडा अडकावा तसा आवाज निघू लागला. पुढे दांडी आपोआप सुटू लागली. कशीबशी गाडी शहाद्यास आणली.

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला. नवा टाका." मंडळाचा पैसा म्हणजे दहा-वीस रुपयांच्या पावत्यांतून जमलेला पैसा. तो एका वाक्यावर खर्च करणे आम्हाला पटेना. शेजारच्या गल्लीत एक वयस्क मिस्त्री होते, सारे त्यांना चाचा म्हणत. ते म्हणाले, "साहेब, आधी ऐकू, मग खोलू."

येथे थोडी माहिती सांगणे आवश्यक आहे. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून येते. तिच्या मागे जोडलेली लोखंडी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. ती ही ताकद मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही वाटून देते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपपासून ही रचना चालत आली आहे. मुख्य गिअरशेजारी दोन छोट्या दांड्या असतात. एकीने पुढची चाके जोडली जातात, दुसरीने गाडी हळू पण जोरकस चालते.

चाचांनी प्रथम गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालविले. आवाज नाही. मग पुढच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवून, दांडी ओढून गाडी फिरविली. आवाज आला. म्हणजे दोष पुढच्या अॅक्सलमध्ये नव्हता आणि गिअरबॉक्सवरचा संशयही कमी झाला. त्यानंतर त्यांनी हँडब्रेकचा ड्रम दाखविला. या जीपमध्ये तो ट्रान्सफर केसच्या मागेच असतो. तो तेलाने माखला होता. ऑईल सील गळत होते. शाफ्ट हाताने हलविला तर तो खुळखुळत होता. शेवटी तळाचा बोल्ट काढला. दीड लिटरच्या आसपास तेल बसते, तेथे जेमतेम पेलाभर निघाले. फडक्यावर चमकणारा लोखंडी चुरा आणि दाताचा एक तुकडा पडला. झाकण उघडल्यावर बेअरिंगची बैठकही झिजलेली दिसली. "नवे बेअरिंग यात टिकणार नाही. पेटीच बदला. गिअरबॉक्सला हात लावायचे कारण नाही," चाचा म्हणाले.

आमच्यापैकी दोघे मुंबईस आलो. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात चाचांच्या सूचनेप्रमाणे प्रत्येक पेटीचे झाकण उघडून दात मोजले, शाफ्ट हलवून पाहिला, पेटीला चीर नाही याची खात्री केली. एक पेटी पसंत पडली. ती गोणपाटात बांधून एस.टी.ने धुळे, दोंडाईचामार्गे निघालो. सारंगखेड्याला तापीचा पूल ओलांडताना हसू आले. येथे दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि घेणारा घोड्याचे दात पाहिल्याशिवाय पैसे काढीत नाही. आम्हीही तेच करून आलो होतो!

जुनी पेटी निघाली की हँडब्रेकही जातो, म्हणून चाकांना दगड लावले. तेल, दोन्ही शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, खालचा आधार, मागचे झाकण, गिअरचा नट व शेवटी गिअरबॉक्सला धरणारे बोल्ट, या क्रमाने काम झाले. नव्या पेटीत शाफ्टची ढिलाई पातळ शिम घालून बेताची केली, सील नवी घातली, नव्वद नंबरचे तेल भरले. त्याच आठवड्यात जीप सातपायरी चढून गेली.

ज्यांच्या मंडळाकडे अशी गाडी आहे त्यांनी ध्यानात ठेवावे. हँडब्रेक लागेनासा झाला तर ड्रमवर तेल आहे का ते पाहावे. ट्रान्सफरच्या तेलाची पातळी इंजिनच्या तेलाबरोबरच तपासावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची चाके जोडून गाडी चालवू नये, कारण वळणावर पुढची-मागची चाके कमीजास्त फिरतात आणि तो ताण या पेटीवर येतो. आणि कोणी भाग बदला म्हटले तर आधी कारण दाखवा असे नम्रपणे म्हणावे.

आमच्या तरुणांनाही सांगणे आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. चाचांसारखे ऐकणारे कान आणि विचार करणारे हात वाडीवस्तीवर हवे आहेत. दुर्गम भागात एक जाणता मिस्त्री म्हणजे कित्येक आजाऱ्यांचा वाचलेला वेळ होय.