पंगतीचा धडा

चारचौघांत कसें वागावें हें मुलांना घरानेंच शिकवावें, अशी आपल्यांतली जुनी समजूत आहे आणि ती मला अद्यापही खरी वाटते. हल्लीं शाळांतूनही 'सामाजिक व भावनिक कौशल्यें' या भारदस्त नांवाखालीं तेंच शिकवूं लागले आहेत. आपली पाळी येईपर्यंत थांबावें, स्वतःला आलेला राग ओळखावा, दुसऱ्याचें दुःख चेहऱ्यावरून जाणावें, चुकल्यास क्षमा मागावी. धडे चांगलेच आहेत. परंतु ते बहुधा एकाच बांध्याचें मूल डोळ्यांपुढें ठेवून बेतलेले असतात. ज्याला गोंगाट सोसवत नाहीं, जिला नीट ऐकूं येत नाहीं, ज्याला क्षणभरही एका जागीं बसवत नाहीं, त्या मुलांनीं ते गिरवावे कसे?

आमच्या साताऱ्याच्या घरीं मे महिन्यांत वीस-बावीस माणसें जमतात. मी सत्तावीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविलें असल्यामुळें मुलांचा ताबा आपोआपच माझ्याकडे येतो. गेल्या सुटींत त्यांत धाकट्या जाऊबाईंचा आठ वर्षांचा नातू होता. तो स्वमग्न आहे. बोलतो मोजकें, पण आगगाड्यांचीं वेळापत्रकें तोंडपाठ. एका शाळेनें त्याच्या आईला 'पुढील वर्षीं दुसरीकडे पाहा' असें सुचविलें होतें. वास्तविक २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत २१ प्रकारच्या अपंगत्वांमध्यें स्वमग्नतेचीही गणना आहे आणि अशा मुलांनीं इतरांच्या सोबतीनें शिकावें असाच त्या कायद्याचा रोख आहे. पण शाळेचें राहो. मला अधिक लागे तें घरांतलें. पंगत बसली कीं हा कानांवर हात ठेवून किंचाळे, आणि त्याची आई त्याला उचलून माजघरांत नेई. तिला कोणी उठवीत नसे, तीच उठे. तीन वर्षें ती पोर आमच्या एकाही पंगतीला बसली नव्हती.

कॅरोल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेनें १९९१ च्या सुमारास अशा मुलांसाठीं 'सामाजिक गोष्टी' लिहिण्याची एक रीत काढली. तींत आज्ञा थोड्या व वर्णन पुष्कळ. 'गप्प बैस' असें न सांगतां, काय घडणार, कोण काय करणार, तें कां करणार, आणि त्या वेळीं मला काय करतां येईल, हें मुलाच्याच तोंडच्या साध्या वाक्यांत लिहावयाचें. मीं शंभर पानी वही घेतली आणि पंगतीची गोष्ट लिहिली. 'पाट मांडतांना आवाज होतो. आजोबा मोठ्यानें हसतात. ते रागावलेले नसतात. सर्वांना वाढून होईपर्यंत मी थांबतों.' किती वेळ थांबावयाचें हें मात्र त्याला कसें कळावें? तेव्हां त्याचें गाड्यांचें वेड कामास आलें. मीठ वाढलें म्हणजे गाडी साताऱ्याहून सुटली. कोशिंबिरीला कोरेगांव, भाजीला रहिमतपूर, आणि भातावर तूप पडलें कीं कऱ्हाड, आतां जेवावयाचें. गोंगाट असह्य झाला तर 'पुरे' लिहिलेलें कार्ड पानापुढें ठेवून ओसरीवर जावयाची मुभा होती. ही मुभा फार महत्त्वाची. दार उघडें आहे हें ठाऊक असलें म्हणजे मूल खोलींत अधिक वेळ टिकतें.

रागाचा धडा याहून अवघड गेला. चित्रांतला रागीट चेहरा तो अचूक ओळखी, पण स्वतःला राग चढूं लागला आहे हें त्याच्या ध्यानांतच येत नसे. मग चेहरे बाजूला ठेवले आणि दुधाच्या पातेल्याचीं चार चित्रें काढलीं: गार, कोमट, कडेला बुडबुडे, उतूं जाणारें. कान तापले, मुठी आवळल्या, म्हणजे तिसरें चित्र. दहाबारा दिवसांनीं तो आपण होऊन तिसऱ्या चित्रावर बोट ठेवूं लागला, आणि चौथ्याच्या आधींच आम्हांला हालचाल करतां येऊं लागली. तीं चित्रें इतर मुलांनींही पळविलीं. यांत नवल नाहीं. बाई माँटेसरींनीं रोममध्यें जीं साधनें आधीं मंदबुद्धि म्हणविल्या जाणाऱ्या मुलांसाठीं वापरलीं, तींच १९०७ पासून सामान्य मुलांच्या हातीं दिलीं आणि जगभर गेलीं.

माझ्या नणंदेची नात श्रवणयंत्र लावते. 'आवाजावरून ओळख, कोण चिडलें आहे' हा खेळ तिच्यापुढें मांडणें म्हणजे क्रूरपणाच. तिच्यासाठीं चेहरा, खांदे, हात यांवरून ओळखण्याचा खेळ केला. त्यांत तिनें सर्वांना हरविलें. परंतु तिचें खरें दुःख निराळें होतें. सगळे हसले आणि तिनें 'काय झालें?' विचारलें कीं उत्तर ठरलेलें: 'कांहीं नाहीं गं, मग सांगतें.' तें मग कधीं येत नसे.

राहिला सहा वर्षांचा एक अतिचंचल वानर. त्याच्या हातीं मिठाचें भांडें दिलें. थांबणें त्याला बसून साधेना, तें चालून साधलें.

यावर थोरले भावजी म्हणाले, "वहिनी, उद्यां जग काय याच्यासाठीं थांबणार आहे? डोळ्याला डोळा देऊन बोलायला तरी शिकवा." प्रश्न रास्त होता. पण मुलाचें लक्ष आपल्याकडे असावें हा हेतु. नजर भिडविणें ही त्याची केवळ एक रीत. कित्येक स्वमग्न मुलांना नजर भिडविणें अगदीं जड जातें. आणि आपल्या लहानपणीं वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत पाहून बोलणाऱ्या मुलाला उद्धट म्हणत नव्हते काय? स्वतः स्वमग्न असलेल्या डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानें २०१२ सालीं मांडलें कीं, स्वमग्न माणसाला इतरांचें मन कळत नाहीं ही अर्धीच गोष्ट. इतरांनाही त्याचें कळत नसतें, अडचण दोघांच्या मधली आहे. तें वाचून मीं दुसरी एक वही मोठ्या माणसांसाठीं केली. मागून येऊन पाठीवर थाप मारूं नये. प्रश्न विचारल्यावर मनांत दहा आंकडे मोजावे, उत्तर येतें. 'मग सांगतें' म्हणूं नये. तिच्याकडे तोंड करून आतांच सांगावें. भावजी पहिल्या दिवशीं तिन्ही धड्यांत नापास झाले.

पहिल्या पंगतीला गाडी कोरेगांवपर्यंतच गेली. एकदां तर सुटलीच नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत ती कऱ्हाडला पोहोंचली. त्या दिवशीं सुनेनें शेजारच्या पाटावर बसून ऊन भात खाल्ला आणि जाऊबाईंनीं मुकाट्यानें तिच्या पानांत दुसऱ्यांदा तूप वाढलें. पुढल्याच पंगतीला तो मधूनच उठून गेला. ती मात्र उठली नाहीं, ओसरीकडे एकवार पाहून जेवीत राहिली. 'पुरे'चें कार्ड आतां दोन आहेत. दुसरें भावजींनीं मागून घेतलें. जिलबीचा आग्रह सुरू झाला कीं ते गंभीरपणें पानापुढें ठेवतात.